एक शब्दही बदलू नको

११ जानेवारी, रविवार. सकाळ.
दुलीचंद ग्रुप सोडून गेला. आमच्या मराठी स्नेह मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. कारण म्हणे मी.

मी काय केलं? वनखात्यातून रिटायर झालेला माणूस कवितासंग्रह छापतो, ग्रुपवर फोटो टाकतो आणि खाली लिहितो की सर्वांनी मोकळ्या मनाने अभिप्राय द्यावा. मी मोकळ्या मनाने दिला. 'या संग्रहाची एक गोष्ट चांगली आहे. तो संपतो.' दोन वाक्यं. पूर्ण पुस्तक वाचून लिहिली. (शेवटची वीस पानं चाळली.) बाकीच्यांनी पुस्तक न उघडता 'अप्रतिम' लिहिलं, हात जोडले, फुलं टाकली. त्यांचा कोणाला राग नाही!

दहा वाजता अध्यक्ष राजेंद्रचा फोन. शरदभाऊ, तुमचं चूक नाही, पण थोडा टॅक्ट ठेवा ना. मी विचारलं, टॅक्टला मराठीत काय म्हणतात? सांगता आलं नाही. मराठी मंडळाचा अध्यक्ष! नंतर मलाही आठवेना. पण मी अध्यक्ष नाही.

सिंचन खात्यात जन्म काढला, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. साहेबांच्या ड्राफ्टमधल्या चुकासुद्धा लाल पेनाने काढल्या आहेत. (साहेबांची बदली झाल्यावर.) बालाघाटमध्ये तोंडावर खरं बोलणारा माणूस एकच उरला आहे.

संकल्प: यापुढेही खरंच बोलायचं, पण टॅक्टने. एकही माणूस दुखावणार नाही, एकही खोटा शब्द जाणार नाही. सहज जमेल.

१२ जानेवारी.
केदारचा पुण्याहून फोन. उमाने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. आईने मुलाला बापाविरुद्ध ब्रीफ करायचं, ही नवी पद्धत. केदारच्या कंपनीत सँडविच फीडबॅक शिकवतात. आधी एक चांगली गोष्ट, मध्ये टीका, शेवटी पुन्हा चांगली गोष्ट. समोरचा दुखावत नाही.

बत्तीस वर्षांच्या पोराने मला शिकवावं! पण आयडिया बरी आहे. अर्थात मला आधीच सुचली असती.

१४ जानेवारी. संक्रांत.
सकाळपासून सात जणांनी तीळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोलायला सांगितलं. प्रत्येक जण सांगताना माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघत होता. एका सणाने अख्ख्या समाजाला खोटं बोलायची सवय लावली आहे. यावर लेख लिहिणार.

समोरच्या शेवंताबाईंचा लाडू चावताना दाढ हलली. त्यांना काही बोललो नाही. टॅक्ट सुरू.

१७ जानेवारी, शनिवार.
सँडविचचा पहिला प्रयोग. आमच्या गल्लीतली संघमित्रा शाळेत ड्रॉइंग शिकवते. बसस्टँडजवळच्या भिंतीवर वाघ रंगवत होती. कान्हाचं जंगल जवळ, म्हणून या गावात भिंत दिसली की वाघ. मी थांबलो. तिनेच विचारलं, काका, कसा झाला? मी शांतपणे म्हणालो, भिंत छान आहे. वाघ कुत्र्यासारखा दिसतो. भिंत छान आहे.

ती शिडीवरून हसत सुटली. म्हणाली, 'काका, तुमच्या सँडविचचे दोन्ही ब्रेड बासी आहेत.' तिला सँडविच कसं कळलं? उमा! आणि वर माझ्या नव्या चपलेवर पिवळा रंग सांडला. चुकून, म्हणे.

नव्या पिढीला फीडबॅक पचत नाही.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
आज टिकाराम नाटक वाचायला आला होता.

टिकाराम म्हणजे माझा चाळीस वर्षांचा मित्र. मंडप-खुर्च्यांचा धंदा, टिकाराम टेंट हाउस. माझ्या लग्नाचा मांडव त्यानेच टाकला, तेव्हा पाऊणशे खुर्च्या होत्या, आता सातशे आहेत. धंदा पोरगा बघतो, हा मोकळा. मोकळा माणूस काय करतो? लिहितो. नाटकाचं नाव 'सातशे खुर्च्या'. एका लग्नाच्या मांडवात घडतं. मराठी भाषा दिनाला मंडळात करायचं आहे.

जेवायलाच बोलावलं होतं. उमाने पातोडीचा रस्सा केला, आणि टिकारामच्याच लालबर्ऱ्याच्या शेतातल्या चिन्नोर तांदळाचा भात. मी माफकच जेवलो. तीनदा भात घेतला.

वाचायच्या आधी तो म्हणाला, 'शरदभाऊ, दुसऱ्या अंकात एक माणूस आहे. तुमी ध्यान देऊन ऐका. तुमाले काही लागलं तर सांगा, मी तो काढून टाकतो. म्हणूनच मंडळाच्या आधी तुमच्याकडं आलो.' मला काय लागणार? लागल्या तर भाषेच्या चुका लागतील.

पहिला अंक ऐकला. मांडव, खुर्च्या, खुर्च्या, मांडव. दुसरा डोळे मिटून ऐकला. डोळे मिटले की संवाद आत उतरतात. दुसरा अंक फारच छोटा आहे. सुरू झाला आणि संपला. डोळे उघडले तर टिकाराम कागद गुंडाळून माझ्याकडे बघतो आहे, जानेवारीत कपाळावर घाम. उमा स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर.

अशा क्षणी समीक्षकाने चाचरू नये. मी म्हणालो, टिकाराम, एक शब्दही बदलू नको.

'खरंच? राग नाही आला?'

राग? अरे, इतकं खरं लिहायला हिंमत लागते. (खुर्च्यांची संख्या खरी वाटली होती.) त्याचे डोळे भरले. म्हणाला, 'तुमी कधी कोणाले चांगलं म्हणत नाही. तुमी म्हटलं म्हणजे झालं.' आणि माझ्या पाया पडायला वाकला! चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तो गेल्यावर उमा म्हणाली, 'तुम्ही झोपले होते.' ती नेहमी असंच म्हणते. शिवाय मी खोटं काहीच बोललो नाही. जे ऐकलं त्यातला शब्द बदलावा असं मला वाटलं नाही. जे ऐकलं नाही त्यातला तर मुळीच नाही.

२६ जानेवारी.
झेंडावंदनानंतर एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नीने कविता म्हटली. मराठी कविता, आठ ओळींत पाच हिंदी शब्द. नंतर त्या म्हणाल्या, शर्माजी, तुमचं फार नाव ऐकलं, कशी वाटली? (मी शर्मा नाही.) मी म्हणालो, शब्दच नाहीत, मॅडम.

राजेंद्र बाजूला उभा राहून गालात हसला. मूर्ख. शब्दच नाहीत याचा अर्थ खरोखर मराठी शब्द नव्हते. याला म्हणतात टॅक्ट.

१ फेब्रुवारी, रविवार.
टिकाराम पुन्हा आला. पुन्हा तेच. दुसरा अंक पटला ना? घरी जाऊन विचार केला असेल, आता काही वाटत असेल तर सांगा, अजून टाइम आहे. मी वैतागलो. म्हटलं, टिकाराम, लेखकाने इतकं डळमळू नये. मी एकदा बोललो की बोललो. त्याने ते निमंत्रणपत्रिकेत छापायची परवानगी मागितली. दिली.

मग म्हणाला, काकूच्या कामाले बाई भेटून नाही राह्यली, वहिनी करतीन का? उमाने माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणजे मांडवातली फुटकळ भूमिका असणार, ताट घेऊन जायचं आणि यायचं. मी होकार दिला. बायकोच्या कलागुणांना वाव देणारा नवरा या गल्लीत दुसरा कोण आहे?

उमा म्हणाली, 'पहा हं. नंतर म्हणू नका.' काय म्हणू नका ते सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार.
दुलीचंद नाटकात आहे! ज्याने माझ्यामुळे ग्रुप सोडला तो माझ्या बायकोबरोबर तालमीला जातो. जाऊ दे. मन मोठं ठेवावं.

पण एक गंमत. तो आजकाल मला टाळत नाही. दुधाच्या दुकानावर उभा राहून टक लावून बघतो. मी सुटे परत मागतो तेव्हा माझे हात बघतो. परवा मी चष्मा काढून मफलरने पुसला तर त्यानेही काढून पुसला. काल विचारत होता, हे जॅकेट कुठे शिवलं? पत्ता दिला. आज तसंच जॅकेट घालून आला.

खऱ्या टीकेचा परिणाम उशिरा होतो, पण होतो. माणूस शेवटी गुरू मानायला लागतो.

१६ फेब्रुवारी.
सलग सहावा दिवस. संध्याकाळी पाच ते आठ घरात कोणी नाही. चहा थर्मासमध्ये. भाजी झाकून. ताट घेऊन जायला-यायला रोज तीन तास तालीम? मी विचारलं, किती वाक्यं आहेत तुला? म्हणाली, 'आहेत थोडी.' गुणगुणत होती. मी तालमीला येतो म्हटलं तर म्हणाली, नका येऊ, मी घाबरीन. साहजिक आहे.

भाजीत मीठ कमी होतं. सांगितलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
उद्या प्रयोग. पत्रिका आली. नावाच्या खाली माझं वाक्य, ठळक अक्षरात: 'एक शब्दही बदलू नको! शरदचंद्र, ज्येष्ठ समीक्षक'. प्रयोगाआधी माझा सत्कार आहे. पहिल्या रांगेत मधली खुर्ची. गावाला उशिरा का होईना अक्कल आली. चार मिनिटांचं भाषण तयार, विषय: परखडपणा आणि टॅक्ट, माझा स्वतःचा मार्ग.

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी सहा.
रात्रभर जागा आहे. थंडीने नाही.

क्रमाने लिहितो. काल सामाजिक भवन भरलेलं. सातशे नाही, पण पाचेकशे खुर्च्या असतील, सगळ्या टिकारामच्या. शाल दिली, नारळ दिला. भाषण झालं. टिकाराम माईकवर म्हणाला, 'हे नाटक आधी शरदभाऊले वाचून दाखवलं. दुसरा कोणी असता तर मले घरातून हाकलून देल्लं असतं. यायनं म्हटलं, एक शब्दही बदलू नको. असा मोठ्या मनाचा माणूस मी नाही पाहिला.' टाळ्या. मी मान झुकवली.

पहिला अंक. बरा.

दुसरा अंक. मांडवात वधूचा काका येतो, भाऊसाहेब. काम दुलीचंदचं. भाऊसाहेब आचाऱ्याला वरणावरून बोलतात, मेंदीवालीला फुलांच्या पाकळ्या मोजून दाखवतात, खिशातून लाल पेन काढून लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या दुरुस्त करतात. लोक पोट धरून हसत होते. मीही. खरं लिहायचं तर मीच सगळ्यात मोठ्याने हसत होतो. असा माणूस मी कुठेतरी नक्की पाहिला होता, नाव आठवेना. बहुतेक ऑफिसातला असावा.

मग वधूची आई मंगलाष्टक म्हणते. दुलीचंदने चष्मा काढला, मफलरने पुसला, आणि म्हणाला, 'एक गोष्ट चांगली आहे. ते संपलं.'

हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

पहिली रांग वाकून माझ्याकडे बघायला लागली. मागे कोणीतरी म्हणालं, 'अरे वही तो हैं, आगे बैठे हैं.' माझ्या खांद्यावर शाल. मांडीवर नारळ. उठून जाणार कसा? ते जॅकेट. ते सुटे पैसे मागताना हात पुढे करणं. चालताना मी डावा पाय जरा बाहेर टाकतो हे मला माहीत नव्हतं. पाचशे लोकांना माहीत होतं.

आणि मग उमा.

काकू म्हणजे भाऊसाहेबांची बायको. वरात गेलेली, मांडव रिकामा, भाऊसाहेब उरलेल्या खुर्च्यांना नावं ठेवत बसले आहेत. उमा एकीवर एक खुर्ची रचते आहे. रचता रचता, वर न बघता म्हणते: 'मी गात होती. लग्नाच्या आधी नाही, नंतर. तुम्ही म्हणले, सूर लागत नाही. बरोबरच म्हणले. नव्हताच लागत. पण मी कुठे तुम्हाले विचारलं होतं? मी तर भांडे घासता घासता गात होती.'

एवढंच. आवाज चढवला नाही. दूर एक पोर रडत होतं तेवढंच.

पडदा. मी ताडकन उठलो, निघायला. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे उठले. टिकारामला स्टेजवरून वाटलं सगळ्यात आधी मी उभा राहिलो. माईकवर सांगितलंही. पुन्हा टाळ्या. माझ्यासाठी!

२८ फेब्रुवारी. दुपार.
मंडळाचा राजीनामा द्यायचा. दुलीचंदवर केस. वकील पाहतो. टिकारामशी संबंध संपले, चाळीस वर्षं गेली वैनगंगेत. नाटकावर दोन हजार शब्दांचं परीक्षण लिहून प्रत्येक ग्रुपवर टाकायचं, सँडविच नाही, काही नाही. उमाशी बोलायचं नाही. कालपासूनच बोलत नाही. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही, कारण सकाळपासून तिचा फोन वाजतो आहे.

बाजारात गेलो तर केळीवाला महागू म्हणाला, 'भाऊसाहेब, केळे चाखून पहा न, मंग बोला.' भाऊसाहेब! केळी न घेता आलो.

१ मार्च, रविवार.
टिकारामच्या घरी गेलो. भांडायलाच. रस्त्यात वाक्यं पाठ केली. दारातच म्हणालो, चाळीस वर्षांच्या मित्राला तू गावासमोर उघडं पाडलंस. लाज वाटली नाही?

त्याचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाटलं भलत्याच घरी आलो. म्हणाला, 'मी तुमच्या घरी काहून आलतो, शरदभाऊ? तुमाले आधी विचाराले न! दोनदा विचारलं. तुमच्या डोळ्यासमोर बसून वाचलं. तुमी नाही म्हटलं असतं तर तिथंच फाडून टाकलं असतं. तुमी म्हणले, खरं लिहाले हिंमत लागते. मी घरी येऊन रडलो, की मी या माणसाले काय समजत होतो आन् हा केवढा निघाला.'

त्याच्या बायकोने पाणी आणलं. कोणीच प्यायलं नाही.

मला दोन रस्ते होते. मी झोपलो होतो असं कबूल करायचं, किंवा मोठ्या मनाचा माणूस व्हायचं. मी मोठ्या मनाचा झालो. तिथल्या तिथे. म्हणालो, गंमत केली रे. इतका राग आला होता की ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं.

त्याने विश्वास ठेवला. की ठेवला नाही? दारापर्यंत सोडायला आला तेव्हा खांद्यावर हात ठेवत नेहमी बोलतो तसा बोलला नाही. जिन्यात म्हणाला, गोंदियाच्या मराठी मंडळानं पाडव्याच्या कार्यक्रमाले बोलावलं आहे. पण मनात काही असन तर साफ सांगा. तुमी नाही म्हटलं तर नाही करत. आणि त्या खुर्च्यांच्या वाक्यांचं मी काही बोललो नव्हतो तरी स्वतःच म्हणाला, 'ते मी नाही लिहिलं. वहिनी तालमीत आपल्या मनानं बोलल्या. मी तसंच ठेवलं.'

उद्या सांगतो म्हटलं. नाहीच सांगणार. म्हणजे 'नाही' हेच सांगणार. टॅक्टने.

२ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
ठरवलं होतं, उमाने विषय काढला की एका वाक्यात निकाल लावायचा. आवाज मागपर्यंत पोचला नाही. खुर्च्या चुकीच्या बाजूने रचल्या. साडी भडक.

तिनेच काढला. मेथी निवडत होती. म्हणाली, 'सगळे बोलले. केदारनं व्हिडिओ पाहून फोन केला. तुम्हीच काही नाही बोलले. तुम्ही खरं सांगता म्हणून विचारते. कसं झालं माझं?'

तोंड उघडलं. बाहेर आलं: चांगलं झालं. फार चांगलं झालं. त्या खुर्च्यांच्या वेळेला मला श्वास घेता येत नव्हता.

मी थक्क. असं काही बोलायचं ठरलेलं नव्हतं.

आणि ती? ती हसली. म्हणाली, 'राहू द्या. राजेंद्रभाऊंनी सांगितलं वाटते, टॅक्ट ठेवा म्हणून.' आणि पुन्हा मेथी!

मला जो संताप आला! आयुष्यभर खरं बोललो, कोणाला आवडलं नाही. आज खरं बोललो तर खोटं वाटतं? मी ओरडलो. तू उत्कृष्ट होतीस! अख्ख्या हॉलमध्ये एकटी तूच होतीस! दुलीचंद तुझ्यासमोर बुजगावणं दिसत होता! मेथीचं ताट पडलं. मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत नाही का! ती म्हणाली, माहीत आहे, एकदा बोलले तुम्ही, पंचवीस जानेवारीला, आणि इतक्या चांगल्या मनानं बोलले की मी चूप राहिली. मी आणखी ओरडलो.

फाटकात संघमित्रा येऊन उभी. 'काकू, सब ठीक है न?' उमा म्हणाली, 'हौ ना. काका माझी तारीफ करून राह्यले.'

मेथी दोघांनी मिळून उचलली. मग उमाने विचारलं, टिकारामभाऊले काय सांगायचं गोंदियाचं? मी म्हटलं, करा म्हणावं! करा! माझं काय जातं! आणि आत गेलो. दार आपटलं. ते नीट लागत नाही, पुन्हा आपटावं लागलं.

१५ मार्च, रविवार.
बातमी. दुलीचंदच्या नातवाचं बारसं बैहरला, नेमकं प्रयोगाच्या दिवशी. भाऊसाहेबांचं काम कोण करणार? टिकाराम अडखळत माझ्याकडे आला. शरदभाऊ, वाईट नका मानू, पण तुमीच केलं तर?

आधी रागावलो. मग विचार केला. दुलीचंदने त्या माणसाला हास्यास्पद केलं. मूळ माणूस तसा नाही. तो एकटा आहे, त्याला भाषेची चाड आहे. गोंदियाच्या लोकांना तरी खरा भाऊसाहेब दिसला पाहिजे. हो म्हटलं. संवाद माझेच आहेत, पाठ करायचा प्रश्नच नाही.

१७ मार्च, मंगळवार.
तालीम. तीनदा केलं. मी लाल पेन हळुवारपणे काढलं. आचाऱ्याला प्रेमाने समजावलं. दोन संवादांतलं व्याकरण जागच्या जागी सुधारलं. शेवटी क्षितिजाकडे पाहिलं.

कोणी हसलं नाही. विषय गंभीर आहे हे पोचलं, असं मला वाटलं.

टिकाराम बराच वेळ हनुवटी खाजवत होता. उमाकडे बघितलं. मग म्हणाला, 'शरदभाऊ, राग नका धरू. तुमी त्याले संत करून टाकलं. तो माणूस असा नाही.' मी म्हटलं, तो माणूस मी आहे! उमा म्हणाली, 'हौ, पण तुमच्यासारखं नाही वाटत.'

राजेंद्र कोपऱ्यात समोसा खात होता. त्याला उभं केलं. हात पुसले, चष्मा काढला, चार वाक्यं बोलला. संघमित्रा, जिने पडदा रंगवला आहे, ती हसून खाली बसली. काम राजेंद्रला दिलं. माझं जॅकेट मागितलं. मापाचं आहे म्हणे.

दिलं. धुऊन परत करा म्हटलं.

२२ मार्च, रविवार.
सगळे सकाळी टेंट हाउसच्या गाडीतून गोंदियाला गेले. चला म्हणाले. मला काम आहे म्हटलं. काम नव्हतं.

दुपारी ग्रुप उघडला. फोटोच फोटो. उमा मेकअप करताना. केदार पुण्याहून थेट गोंदियाला आला आहे, मला माहीत नव्हतं. मी काहीतरी लिहिणार होतो. दोनदा टाइप केलं, पुसलं. दिवसभर कोणी काही विचारलं नाही.

२३ मार्च, सोमवार. सकाळ.
उमा परत आली ते कळलं नाही, मी झोपलो होतो. (या वेळी कबूल.) केदार पहाटेच्या गाडीने परस्पर गेला. सकाळी सात वाजले तरी ती उठली नव्हती. पायांना सूज होती.

मी पोहे केले. आयुष्यात पहिल्यांदा. अवघड काही नाही, लोक उगाच बाऊ करतात. कांदा जरा काळा झाला. शेंगदाणे सापडले नाहीत. ताट करून तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसलो.

गोंदियाचं विचारलं. 'झालं बरं,' म्हणाली. टिकारामभाऊ विचारत होते, शरदभाऊ संध्याकाळी घरी आहेत का. आहे म्हणून सांग, म्हटलं.

तिने पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. पाणी प्यायली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'खरं सांगू काय?'

मी म्हटलं, नको.

तिने मान हलवली आणि खात राहिली. हळूहळू, सगळे. एक दाणा ठेवला नाही. ताट घासायला नेऊन ठेवलं आणि आंघोळीला गेली.

मग मी माझे वाढून घेतले. मीठ दोनदा पडलं होतं.